झाकणाखालचं पाणी

सोसायटीच्या दुकानातून खोका आणायचं काम माझं होतं. आमचं घर बंदराच्या वर, दगडी पायऱ्यांच्या टोकाला आहे. सामानाची गाडी तिथवर चढत नाही. गाडीवाला मच्छीमार सोसायटीच्या दुकानात खोका टाकून जातो आणि दुकानातली बाई फोन करते. मग मी उतरायचं, खोका काखेत मारायचा आणि चढायचं. दर महिन्याला. यात सांगण्यासारखं काही नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

खोका मिठाईचा असायचा. दूरच्या कानाझावा शहरातल्या एका दुकानातून यायचा. वर्षाची वर्गणी भरली की महिन्याला एक खोका, दर वेळी वेगळ्या गावची जुन्या पद्धतीची मिठाई. कधी लाल चवळीच्या गोड पुरणाच्या वड्या, कधी निखाऱ्यावर भाजलेल्या तांदळाच्या कडक चकत्या, कधी साखर आणि तांदळाचं पीठ साच्यात दाबून केलेली फुलं. जे काही असेल ते जोडीने. एक त्याचं, एक तिचं. वर्गणी माझ्या मुलाने भरली होती, गेनताने. ती म्हणजे सावे, त्याची बायको.

गेनता दारू पीत नव्हता. मासेमारीच्या लाँचवर असा माणूस म्हणजे आयती करमणूक. बाकीचे बाटली उघडायचे आणि हा खिशातून कागदात गुंडाळलेली वडी काढायचा. बंदरावर त्याला 'साखरेची बाहुली' म्हणायचे. मला ते आवडत नसे. मी उभा जन्म समुद्रावर काढला, मला कोणी नाव ठेवायची हिंमत केली नाही. तो मात्र हसायचा. म्हणायचा, दारू उतरते बाबा, गोड जिभेवर राहतं.

हिवाळ्याच्या तोंडाशी माकूल धरायला त्याची लाँच गेली ती परत आली नाही. एक फळी सापडली आणि जाळ्याचे तरंगते गोळे. माणूस एकही नाही.

आमच्याकडे दूर गेलेल्या माणसासाठी सावलीचं ताट मांडतात. घरात शिजलेलंच अन्न, त्याच्या वाटीत, त्याच्या जेवायच्या काड्या शेजारी ठेवून, त्याच्या बसायच्या जागी. साराच्या वाटीवर लाकडी झाकण. सगळ्यांची जेवणं झाली की झाकण उचलायचं. आतून दव धरलं असेल तर माणूस सुखरूप आहे. कोरडं असेल तर त्या घरात त्या दिवशी कोणी फारसं बोलत नाही. ताटातलं अन्न मग घरच्यांनीच खायचं. माझ्या आईने माझ्यासाठी मांडलं, बायकोने मांडलं. बायको गेली. आता सावे गेनतासाठी मांडत होती.

गरम साराच्या वाटीवर झाकण घातलं तर दव धरणारच. एवढं मला कळतं, तिलाही कळत असणार. तरी हिवाळाभर ती झाकण उचलून माझ्यापुढे धरायची आणि मी मान हलवायचो. तेवढ्यावर आमचं घर चाललं होतं. खोकेही येत होते. गेनताचा वाटा ती कपाटात ठेवून द्यायची.

मग उन्हाळ्याच्या सुरुवातीला ईशान्येचं वारं सुटलं आणि समुद्रावरून धुकं चढलं. आमच्याकडचं धुकं पांढरं नसतं, राखी असतं. पायऱ्या चढून घरात येतं. चटया ओल्या होतात, काड्यापेटी पेटत नाही, शेजारच्या घरातला खोकला कानाशी झाल्यासारखा वाटतो आणि धुक्यात होड्यांना इशारा देणारा बंदराचा भोंगा कुठल्या बाजूने वाजतो ते कळत नाही.

त्या दिवसांत सावेला कणकण होती. चुलीवर काही चढलं नव्हतं. मी भर दुपारी खोका आणून तिच्यापुढे ठेवला. तिने कागद सोडला. आत साखरेची शेवंतीची फुलं होती, खडूसारखी कोरडी. तिने एक उचललं, गेनताच्या वाटीत ठेवलं आणि वर झाकण घातलं. म्हणाली, आज एवढंच, त्याला आवडेलच.

 उपाशी ठेवण्यापेक्षा बरं, असं मलाही वाटलं.

दिवेलागणीला तिने झाकण उचललं. आतल्या बाजूला पाण्याचे टपोरे थेंब होते. एक थेंब ओघळून तिच्या मनगटावर पडला. वाटीत फूल जसंच्या तसं होतं. कोरडं.

सावे कितीतरी वेळ ते झाकण हातात धरून बसली. मग माझ्याकडे पाहून हसली. गेनता गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका येऊन झाकण बघून गेल्या. कोणी म्हणालं, रशियाच्या एखाद्या बेटाला लागला असेल. कोणी म्हणालं, तिकडच्या तुरुंगात असेल, पण आहे. एकीने डोळे पुसले. मी म्हटलं, धुक्याचे दिवस आहेत, माझ्या दाढीलाही दव धरतं. त्यावर त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मीच त्याला बुडवला.

तेव्हापासून सावेने ताटात भात-सार घालणं सोडलं. कपाटात ठेवलेला हिवाळ्यातला सगळा वाटा होता, तो ती रोज एकेक काढायची. कधी वडी, कधी चकती. संध्याकाळी झाकण उचलायची, बघायची आणि वाटीतला जिन्नस खाऊन टाकायची. रीतच आहे. त्यात चुकीचं काही नव्हतं.

मी मात्र एकदा खात्री करून घ्यायचं ठरवलं. ती पितरांच्या देव्हाऱ्यातली फुलं बदलायला मागच्या खोलीत गेली होती. मी झाकण पुसलं. रॉकेलच्या शेगडीवर धरून कडकडीत तापवलं. वाटीही तापवली. त्यात तांदळाची चकती ठेवली, झाकण घातलं आणि समोर बसलो. दारं लावून घेतली होती. शेगडी चालू होती. खोलीत धुकं नव्हतं.

थोड्या वेळाने आवाज आला. बारीक. मला वाटलं, शेगडी असेल. ती बंद केली. आवाज राहिला.

लाँचवर तळाच्या फळ्यांना डोकं लावून झोपलं की पलीकडून पाणी ऐकू येतं. लाट आपटल्याचा आवाज नसतो तो. पाणी फळीला हात लावत लावत पुढे जातं, तसला आवाज असतो. ज्याने ऐकलाय त्याला तो जन्मात विसरता येत नाही. तो आवाज वाटीतून येत होता. आणि वास. भाजलेल्या तांदळाचा गोडसर वास, त्याच्याखाली डिझेल, आणि त्याच्याही खाली थंड, खोल काहीतरी, नांगर वर ओढला की त्याच्या चिखलाला येतं तसं.

मी झाकण उचललं. ते इतकं ओलं होतं की पाणी चटईवर सांडलं. मी बोट लावून जिभेवर ठेवलं.

खारट. दवाचं पाणी खारट नसतं.

सावे मागे येऊन उभी होती.  खाली बसली, चकती उचलली आणि कडाकड चावून खाल्ली. चकतीवर पाणी चढलं होतं तरी ती कडाकड वाजली.

"खारट नाही लागत तुला?" मी विचारलं.

"गोड आहे बाबा," ती म्हणाली. "खूप गोड आहे."

त्यानंतर ती भाताला शिवेना. माझ्यापुढे वाढायची, स्वतःसाठी थोडा घ्यायची आणि काड्या तशाच ठेवायची. पाणी पीत नव्हती. तिने कप तोंडाला लावलेला मी पाहिला नाही. तरी ओठ सुकले नव्हते. हात मात्र बर्फात ठेवलेल्या मासळीसारखे गार. धुणं वाळत घालताना मध्येच थांबायची, मान एका बाजूला करून, कोणी हाक मारतंय का ऐकल्यासारखी.

एकदा सकाळी ती उगाचच म्हणाली, आज तिकडे फार थंडी आहे.

"तिकडे म्हणजे कुठे?"

तिने नजर जमिनीकडे वळवली. मग हळूच म्हणाली, "खाली..."

मी आयुष्यात फार कमी वेळा घाबरलो आहे. त्या दिवशी घाबरलो.

शेजारी किसा म्हातारी राहते. माझ्याहून मोठी आहे. समुद्राने तिचा नवरा नेला आणि दीरही नेला. जीभ मात्र तिच्याकडेच ठेवली. ती चहाला आली की खोक्यातलं काहीतरी तिला द्यायचं, असा तिचा हक्कच होता. दात नाहीत म्हणून काय झालं, साखर काय चावायची असते, म्हणायची. मला पाहून म्हणायची की हा इवाकिची वादळाशी भांडेल, पण पोरीशी दोन शब्द बोलायचे म्हटलं की याच्या तोंडाला गंज चढतो.

त्या दिवशी सावेने तिच्यापुढे वडी ठेवली आणि शेजारी ताट मांडलं. किसाने वडी तोंडात टाकली. तोंड हलत होतं. नजर ताटावर होती. सावे वाटीत मिठाई ठेवते आहे, भात नाही, सार नाही, हे तिने पाहिलं. तिचं तोंड हलायचं थांबलं. तिने बाहीतून कागद काढला, वडी त्यात थुंकली आणि पुडी बांधली. मग मला म्हणाली, जरा बाहेर ये, माझ्या छपराचा पत्रा हललाय.

पत्रा हलला नव्हता. बाहेर धुक्यात आम्ही दोघं उभे राहिलो.

"किती दिवस चाललंय हे?" ती म्हणाली.

मी सांगितलं, धुकं आल्यापासून.

"ताटात घरचं शिजलेलं का घालतात, माहीत आहे ना तुला? त्याचं पोट घराच्या चुलीला बांधलेलं राहावं म्हणून. हा खोका कोणाचा आहे? वर्गणी कोणी भरली?"

"गेनताने."

"मग ते अन्न त्याचं. तो पाठवतो आणि ती खाते." तिने माझी बाही धरली. "ती त्याला जेवायला घालत नाहीये इवाकिची... तो तिला घालतोय."

भोंगा वाजला. कुठून ते कळलं नाही.

मी त्याच दिवशी सावेला समोर बसवलं. सांगितलं, ताट उचल. भिक्षूला बोलावतो, गेनताचं नाव मृतांच्या पाटीवर लिहून घेतो, देव्हाऱ्यात ठेवू, उदबत्ती लावू. आता पुरे.

तिने आवाज चढवला नाही. ती कधीच चढवत नसे. म्हणाली की बाबा, तुम्ही म्हणाल ते मी आजवर ऐकलं. पण ताट उचललं की तो मेला. दव धरतंय तोवर तो आहे. तुम्ही स्वतः मान हलवत होतात.

"ते गरम साराचं दव होतं," मी म्हटलं.

"हो. मला माहीत होतं." ती माझ्याकडे बघत होती. "म्हणून तर हे खरं आहे."

तिच्या डोळ्यांत वेड नव्हतं. असतं तर सोपं झालं असतं.  मुलगा आणि सून, दोघांतलं एकच हाताला लागणार होतं आणि कुठलं ते मला दिसत होतं. बापाने त्यावर किती वेळ विचार करायचा? मी फार केला नाही.

कानाझावाच्या दुकानाला फोन लावून वर्गणी बंद करायला सांगितलं. पलीकडच्या मुलीने हजारदा माफी मागितली आणि म्हणाली की या महिन्याचा खोका मात्र कालच निघाला. तो शेवटचा. मी म्हटलं, येऊ दे.

सोसायटीच्या दुकानातल्या बाईचा फोन आला तेव्हा सकाळ होती. सावेला काही न सांगता मी उतरलो. खोका घेतला आणि पायऱ्यांकडे न वळता धक्क्यावर गेलो. माझी लहान होडी आहे, समुद्रातलं खायचं शेवाळ काढायची. इंजिन लावलं. बांधाच्या बाहेर पडलो. धुकं एवढं होतं की होडीचं नाक दिसत नव्हतं. मला दिसायची गरज नाही. खडकांवरच्या पाण्याच्या खळखळीवरून मला कळतं मी कुठे आहे.

जिथे तळ एकदम खोल जातो तिथे इंजिन बंद केलं. आवाज थांबला तसा सगळाच थांबला. पक्षी नाही, भोंगा नाही. पाणी तेलासारखं गुळगुळीत. मी खोका उघडला. पुन्हा साखरेचीच फुलं होती, या वेळी कमळाची. एकेक काढून पाण्यात सोडली. दगडासारखी बुडाली. साखर तशी बुडत नाही. विरघळते, पांढरा धूर सोडते. ही सरळ खाली गेली, कोणी खालून हात पुढे केल्यासारखी.

सगळी नाही गेली. प्रत्येक जोडीतलं एकच जात होतं. दुसरं होडीच्या कडेशी तरंगत राहत होतं.

मी वल्ह्याने लोटलं. ती फुलं दूर गेली, फिरली आणि परत कडेला येऊन लागली. मी पुन्हा लोटलं. पुन्हा आली. ती सावेच्या वाट्याची होती.

मी देवाशी बोलणारा माणूस नाही. मुलाशीही फार बोललो नाही. तेव्हा मात्र पाण्याकडे तोंड करून म्हटलं, "गेनता, तू मेलास. मी तुझा बाप सांगतोय. पोरीला सोड."

पाण्याखालून होडीच्या फळीला काहीतरी घासत गेलं. नाकापासून शेपटापर्यंत, सावकाश. मग परत.

मी हात घालून ती फुलं गोळा केली. म्हटलं, तिच्या वाट्याचं मी खातो. मी म्हातारा आहे, मला यायला हरकत नाही. एक फूल तोंडात टाकलं. दातांखाली ते कडकडीत कोरडं फुटलं.

ते खारट होतं. मिठाच्या खड्यासारखं. घशाखाली जाईना. दुसरं घेतलं, तेही तसंच. मी सगळी खाल्ली, पोटात आग पडेपर्यंत, आणि एकही गोड लागलं नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं. तिथे माझ्यासाठी पान मांडलेलं नव्हतं.

घरी आलो तर सावे दारात उभी होती. मी कपडे न बदलता तिला सांगितलं की गेनता गेला, मी त्याला सांगून आलो. ती माझ्या ओल्या बाह्यांकडे पाहत राहिली. मग उंबऱ्यावर बसली आणि रडली. लाँच बुडाल्यापासून पहिल्यांदा. रडून झाल्यावर तिने पाणी मागितलं. मी भांडं भरून दिलं, तिने ते संपवलं आणि आणखी मागितलं. ताट तिने स्वतःच्या हाताने धुऊन माळ्यावर ठेवलं. संध्याकाळी भात खाल्ला. किसा म्हातारी कुंपणावरून बघत होती. काही बोलली नाही, यावरून तिला किती बरं वाटलं ते समजलं.

भिक्षू आला, पाटी लिहिली, मंत्र झाले. देव्हाऱ्यात मी भाताची वाटी ठेवली. उघडी. मग सावेला मी स्वतः तिच्या माहेरी पोचवून आलो. शिझुकुइशीच्या वरच्या अंगाला, डोंगरात. तिथून समुद्र दिसत नाही. वारा कुठूनही आला तरी पाइनच्या झाडांचा आणि शेणखताचा वास येतो. तिच्या आईला, योनेकोबाईंना, मी एवढंच म्हटलं की पोरीला समुद्राकडे पाठवू नका, माझ्या मयतालासुद्धा.

खोके थांबले. हिवाळा गेला. सावेची पत्रं येत होती. बालवाडीच्या स्वयंपाकघरात लागली होती. पोरं तिला 'भातवाली ताई' म्हणतात, असं लिहिलं होतं. मला वाटलं, जमलं.

परवा दुपारी योनेकोबाईंचा फोन आला. मुलगी बरी आहे, गालांवर रंग आलाय, झोप लागते, सगळं सांगितलं. आभार मानले. मग ठेवायच्या ऐवजी घुटमळल्या. म्हणाल्या, तुम्ही समुद्रावरचे जुने माणूस, तुम्हाला एक विचारते, हसू नका.

मी म्हटलं, विचारा.

त्यांच्या अंगणात विहीर आहे. त्यांच्या सासऱ्यांनी खणलेली. पाणी उन्हाळ्यात उतरायचं, बर्फ वितळला की चढायचं, एवढंच त्यांना माहीत. आता ते दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. माणसं येऊन बघून गेली. कोणी म्हणतं भूकंपाने झरा सरकला. रोज वेळ थोडी थोडी पुढे जाते. समुद्राजवळच्या विहिरी अशा असतात का?



"कधीपासून?" मी विचारलं.

"सावे आली ना... त्यानंतरच कधीतरी."

"आणि आत्ता?"

त्या बघायला गेल्या. फोन तिकडे उघडाच होता. कोंबड्यांचा आवाज येत होता. कोणीतरी शांतपणे हसल्यासारखं वाटलं. मग पावलं परत आली.

"चढलंय," त्या म्हणाल्या. "वरच्या दगडाला लागलंय."

"सावे कुठे आहे?"

"तिथेच. कठड्यावर बसलीय, पाय आत सोडून. रोज या वेळी बसते. हाक मारली तर म्हणाली, थांब आई... अजून थोडं वर यायचंय."

मी खिडकीतून खाली बंदराकडे पाहिलं. भरती अजून पुरी झाली नव्हती.